अमेरिकेतलं १२० व्होल्टचं इलेक्ट्रिक ग्रिल पुण्यात चालेल का, आणि इथला तंदूर तिकडे?

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला, न्यू जर्सीहून कायमचं पुण्याला परत येताय, तिकडे बाल्कनीत वापरलेलं इलेक्ट्रिक ग्रिल सामानात टाकायचं आहे, लेबलवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १५०० वॅट असं आहे, तर ते ट्रॅव्हल ॲडॅप्टर लावून इथे चालेल का आणि नसेल तर कन्व्हर्टर कुठला घ्यायचा. दुसरा, तिकडेच राहणाऱ्या बहिणीला इथला २००० वॅटचा इलेक्ट्रिक तंदूर पाठवायचा आहे, तो तिकडच्या करंटवर चालेल का. मी गिझर, ओव्हन, तंदूर, ग्रिल असली तापणारी उपकरणं दुरुस्त करतो, बरीच वर्षं तेच काम आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. ॲडॅप्टरवर अजिबात लावू नका. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालतं, पण दीड हजार वॅटच्या ग्रिलसाठी ते बहुतेकांना परवडत नाही. आणि बहिणीला तंदूर पाठवू नका, तिला तिकडचंच घेऊ द्या.

आता कारणं, कारण नुसतं नको म्हटलं की घरातलं कोणीतरी म्हणतं "अगं लावून तर बघू, जास्तीत जास्त काय होईल, फ्यूज उडेल."

लोकांना वाटतं की व्होल्टेज दुप्पट म्हणजे उष्णता दुप्पट, तसं नाहीये. ग्रिलची कॉइल म्हणजे ठरावीक रेझिस्टन्सची तार, व्होल्टेज वाढलं की तिच्यातून जाणारा करंटही त्याच प्रमाणात वाढतो, आणि वॅट म्हणजे या दोघांचा गुणाकार, म्हणून वॅट वाढतात ते व्होल्टेजच्या वर्गाने. तुमचंच ग्रिल घ्या. १५०० वॅट भागिले १२० व्होल्ट म्हणजे साडेबारा अँपिअर, म्हणजे कॉइलचा रेझिस्टन्स ९.६ ओहम. हीच कॉइल आपल्या २३० व्होल्टवर लावली तर करंट जातो जवळपास २४ अँपिअर आणि वॅट होतात साधारण ५५००. दीड हजार वॅटसाठी बनवलेल्या कॉइलमध्ये साडेपाच हजार, पावणेचार पटीच्या आसपास. घरातल्या २००० वॅटच्या गिझरच्या अडीच पटीहून जास्त ताकद त्या एवढ्याशा ट्रेमध्ये.

माझ्यावर विश्वास नसेल तर इथल्या कुठल्याही ग्रिलचं किंवा किटलीचं लेबल बघा. बऱ्याच उपकरणांवर लिहिलेलं असतं २२०-२४० व्होल्ट, १८५०-२२०० वॅट. हे दोन आकडे का असतात माहितीये? कॉइल एकच आहे, २२० ला ती १८५० वॅट देते आणि २४० ला २२००. फक्त वीस व्होल्ट वाढले तर साडेतीनशे वॅट वाढले. कंपनीने वर्गाचं गणित लेबलवरच छापून ठेवलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच.

आणि "फ्यूज उडेल" हे तर सगळ्यात घातक समाधान आहे. हे नीट समजून घ्या, कारण एमसीबीवर, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवलेल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर, लोकांचा जरा जास्तच भरवसा असतो. एमसीबी शॉर्टसर्किटला क्षणात पडतो, पण थोड्याशा ओव्हरलोडला तो मुद्दाम सावकाश पडेल असा बनवलेला असतो. त्याचं स्टँडर्डच असं आहे की रेटिंगच्या १.१३ पट करंटला तासभर पडायचं नाही आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडायचं. आता तुमच्या किचनच्या पॉवर पॉइंटला १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर २४ अँपिअर म्हणजे दीड पट, तो पडेल पण कधी, काही मिनिटांनी. आणि २० चा बसवलेला असेल, बऱ्याच घरात असतो, तर २४ म्हणजे फक्त १.२ पट, तो पडेलच याची खात्री नाही. तेवढ्या वेळात ग्रिलचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

काय होतं ते सांगतो. मध्ये एक ग्रिल माझ्याकडे आलं होतं, परदेशातून आणलेलं, साध्या पिन बदलणाऱ्या ॲडॅप्टरवर लावलेलं. एलिमेंट जिथे वळतं तिथे वरची स्टीलची नळी उभी फाटली होती आणि आतून पांढरी पावडर बाहेर आली होती. ती पावडर म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, तार आणि नळी यांच्यामध्ये ती ठासून भरलेली असते, इन्सुलेशन तेच. ती निघाली म्हणजे आतली तार उघडी पडली आणि वरच्या धातूला चिकटायला मोकळी झाली. थर्मोस्टॅट उघडला तर त्याचे पॉइंट एकमेकांना वेल्ड झाले होते, म्हणजे तापमान वाढल्यावर तोडायचं काम ज्याचं तोच बंद अवस्थेत चिकटून बसला. लोकांना वाटतं थर्मोस्टॅट आहे ना, जास्त तापलं की कट होईल. पण तो थर्मोस्टॅट साडेबारा-पंधरा अँपिअर तोडण्यासाठी बनवलेला आहे, त्याच्यातून २४ अँपिअर वाहायला लागले की पहिल्या एकदोन वेळेलाच पॉइंटवर एवढी ठिणगी पडते की तो कायमचा चिकटतो. त्यात तव्यावरचं नॉनस्टिक पापुद्रे सुटून आलेलं. हे नॉनस्टिक कोटिंग साधारण २६० डिग्रीच्या वर खराब व्हायला लागतं आणि त्याहून खूप वर गेलं की त्याचा धूर माणसालाही त्रास देतो, थंडीताप आल्यासारखं होतं, आणि घरात पोपट किंवा लव्हबर्ड्स असतील तर ते पक्षी त्या धुराने मरतात. म्हणून सांगतो, हे फक्त ग्रिल जळण्यापुरतं नाहीये.

अजून एक गोष्ट, हल्ली बाजारात जे एक्स्टेन्शन बोर्ड मिळतात त्यात ते सगळ्या देशांच्या पिना जातील असं युनिव्हर्सल सॉकेट असतं. अमेरिकेच्या चपट्या पिना त्यात आरामात बसतात. म्हणजे ॲडॅप्टरचीही गरज नाही, घरातली आजी किंवा कामाच्या मावशी साफसफाई करताना ग्रिल दिसलं म्हणून सरळ बोर्डात घालतील आणि त्यांची काहीच चूक नसेल. तेव्हा आणायचंच ठरवलंत तर अमेरिकेतल्या प्रत्येक तापणाऱ्या वस्तूच्या प्लगलाच रंगीत टेप गुंडाळून वर मोठ्या अक्षरात "१२० व्होल्ट, ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये" असं मराठीत लिहून ठेवा. डब्यावर नको, प्लगवर.

आता ॲडॅप्टर, कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुकानदार तिन्हीला कन्व्हर्टरच म्हणतो, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

ॲडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. लॅपटॉप आणि मोबाइलचे चार्जर त्याच्यावर जगभर चालतात कारण त्यांच्या लेबलवरच १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असतं, आतलं सर्किट स्वतः जुळवून घेतं. ग्रिलच्या कॉइलमध्ये असं काही नसतं.

मग येतो तो हलका ट्रॅव्हल कन्व्हर्टर, हाताच्या तळव्यावर मावणारा, वर १६०० किंवा २००० वॅट लिहिलेलं, आणि लोक म्हणतात बघा माझं ग्रिल १५०० चं आहे, बसलं की यात. तो ट्रान्सफॉर्मर नाही. तो आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचने करंटच्या लाटेचा काही भाग कापून टाकतो, म्हणजे सरासरी उष्णता कमी होते पण उरलेल्या लाटेची उंची २३० चीच राहू शकते, ३२५ व्होल्टपर्यंत. हेअर ड्रायरसाठी, तेही पाचदहा मिनिटं, एवढाच त्याचा उपयोग, आणि त्याच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. ग्रिल पाऊण तास चालतं. शिवाय ग्रिलवर डिजिटल डिस्प्ले, टायमर, मांसाची जाडी ओळखणारा सेन्सर वगैरे असेल तर अशा कापलेल्या लाटेवर त्याचं सर्किट वेडंवाकडं वागतं नाहीतर सरळ जातं.

याच जातीतली एक देशी युक्ती म्हणजे मध्ये एक मोठा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, टाकायचा, अर्धी लाट कापली म्हणजे निम्मं झालं. मला अजूनही लोक विचारतात. निम्मं होतं ते वॅट, आणि निम्मं कशाचं, तर ५५०० चं. म्हणजे पावणेतीन हजार वॅट, तुमच्या १५०० च्या कॉइलला अजूनही जवळपास दुप्पट. शिवाय अर्ध्या लाटेने सोसायटीच्या लाइनवर डीसी चढतो ते वेगळंच. हे करू नका आणि कोणी करून देतो म्हणाला तर त्याच्याकडून बाकीचंही काम करून घेऊ नका.

खरा उपाय म्हणजे तिसरा, लोखंडी कोअरचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर. तो लाट न कापता व्होल्टेज खरोखर कमी करतो. पण त्याच्या साइजचं गणित बघा. ग्रिल १५०० वॅटचं, सलग चालणारं, म्हणून ट्रान्सफॉर्मर कमीत कमी २ केव्हीएचा, म्हणजे ढोबळमानाने २००० वॅटचा पाहिजे, मी स्वतः अडीचचा घ्यायला सांगतो कारण बाजारात वर लिहिलेलं आणि आत असलेलं यात फरक असतो. ओळखायचं कसं, तर हातात उचलून. तांबं आणि लोखंड यांना वजन असतंच, त्याला पळवाट नाही. दोन वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन टाइप २ केव्हीए म्हटला तर वीस किलोच्या आसपास जातो, एकाच वाइंडिंगचा ऑटो ट्रान्सफॉर्मर त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन हजार वॅट लिहिलेला डबा तुम्ही दोन बोटांनी उचलू शकलात तर तो परत ठेवा.

ऑटो घ्यायचा की आयसोलेशन? किंमत आणि वजन बघता सगळे ऑटो घेतात, चालतो, पण एक गोष्ट तपासून. ऑटोमध्ये आतल्या आणि बाहेरच्या लाइनचा न्यूट्रल एकच असतो. तुमच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, आणि जुन्या वाड्यांमध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये हे सर्रास असतं, तर ग्रिलला ११०-१२० मिळत राहतं, ते छान चालतं, पण त्याच्या दोन्ही तारा जमिनीच्या हिशेबाने जिवंत असतात. ग्रिलचा स्विच बंद केला तरी आतली कॉइल लाइव्हच राहते. टेस्टरने बघा, तीन पिनच्या सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या भोकात फेज पाहिजे, डावीकडे न्यूट्रल, वर जाड भोक अर्थिंगचं. आणि ट्रान्सफॉर्मरला तीन पिनचीच वायर आणि बाहेरच्या बाजूलाही तीन भोकांचं सॉकेट असायला हवं, अर्थिंग आरपार जायला हवं. धातूची बॉडी, ओली मॅरिनेटची भांडी, बाल्कनीतली ओली फरशी, अनवाणी पाय, अशा ठिकाणी अर्थिंग तोडलेलं उपकरण मी कोणालाच वापरू देत नाही.

ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतून घेऊन येऊ नका, निदान लेबल बघितल्याशिवाय तरी. त्याच्यावर ५०/६० हर्ट्झ लिहिलेलं पाहिजे. फक्त ६० हर्ट्झसाठी कोअर कमी टाकून बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर गरम होतो आणि गुणगुणतो. इथे मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात तपकीर गल्लीत ट्रान्सफॉर्मर विचारला की मिळतो, ऑर्डरप्रमाणे बनवूनही देतात. सांगताना आउटपुट ११० की १२० ते स्पष्ट सांगा, कारण आपल्याकडे ११० चाच जास्त चालतो आणि मग तुमचं १५०० वॅटचं ग्रिल देतं साधारण १२६०. पनीर टिक्का होईल, पण तिकडे जेवढ्या वेळात व्हायचा तेवढ्यात नाही. १२० चा टॅप, म्हणजे १२० देणारं आउटपुट, मागून घ्या.

आणि ट्रान्सफॉर्मर लावायचा कुठे, तर १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला साडेसहा अँपिअर, वर ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा लॉस, म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटच्या बाहेरच गेलं. तो जाड पिनचा प्लग छोट्या सॉकेटात बसवणारा पांढरा कन्व्हर्जन प्लग प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला असतो, तापणाऱ्या कुठल्याच वस्तूसाठी तो वापरू नका. एक्स्टेन्शन लागलंच तर १६ अँपिअरचं, आत निदान दीड आणि शक्यतो अडीच स्क्वेअर एमएमची वायर, आणि गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडून ठेवायची, गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते आणि इन्सुलेशन मऊ पडतं. आधी ट्रान्सफॉर्मर चालू करायचा, मग ग्रिल. मोठा ट्रान्सफॉर्मर चालू करताना एक झटका घेतो, त्यात कधीकधी एमसीबी पडतो, एकदा पडला तर घाबरू नका, दरवेळी पडायला लागला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. काम झालं की ट्रान्सफॉर्मर भिंतीवरून बंद, नुसता चालू ठेवला तरी तो थोडं युनिट खात राहतो.

एवढं सगळं करून तुम्ही काय मिळवलंत, तर तिकडे दोनतीन वर्षं वापरलेलं एक ग्रिल. इथे २३० व्होल्टचं नवं इलेक्ट्रिक बार्बेक्यू दोनचार हजारापासून मिळतं, गॅरंटीसकट, आणि नुसता ट्रान्सफॉर्मरच त्याच्यापेक्षा महाग पडतो, शिवाय ओट्याखालची जागा खातो. म्हणून म्हटलं की परवडत नाही. ज्यांच्याकडे अमेरिकेतलं स्टँड मिक्सर, ब्लेंडर असं बरंच काही आहे आणि ट्रान्सफॉर्मर तसाही घ्यायचाच आहे त्यांनी एक मोठा घेऊन सगळं त्यावर चालवावं, ते समजू शकतो. फक्त ग्रिलसाठी नको.

एलिमेंट बदलता येतं का, हा प्रश्न मला समोर बसून विचारतात. येतं. ट्यूब्युलर हीटर मापाप्रमाणे बनवून देणारे लोक आपल्याकडे आहेत, लांबी, वळणं, व्होल्ट, वॅट सांगितलं की नवीन वाइंड करून देतात. पण एकट्या एलिमेंटवर भागत नाही, थर्मोस्टॅटवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघावं लागतं, १२५ च लिहिलं असेल तर तोही बदलायचा, इंडिकेटर लॅम्पचा रेझिस्टर बदलायचा, वायर आणि प्लग बदलायचा. ज्या ग्रिलला वरखाली दोन सारखे १२० चे एलिमेंट पॅरललमध्ये असतात ते सिरीजमध्ये जोडून २४० ला चालवता येतात हेही खरं, पण दोन्ही अगदी सारखे असतील तरच, नाहीतर ज्याचा रेझिस्टन्स जास्त तो जास्त व्होल्टेज ओढून घेतो आणि आधी तोच जातो. हे काम मीटर हातात असलेल्या माणसाचं आहे. महागडं, जाड कास्ट आयर्नच्या प्लेटचं ग्रिल असेल, आवडीचं असेल, तर करून घ्यावं, प्लॅस्टिक बॉडीच्या साध्या ग्रिलसाठी नाही.

तुमच्याकडे लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे दाबून बनवलेल्या भुशाच्या छोट्या कांड्यांवर चालणारं ग्रिल असतं तर माझं उत्तर वेगळं असतं. त्यात उष्णता लाकडाची, वीज फक्त पेटवायला, पंख्याला आणि पेलेट ढकलणाऱ्या मोटरला. पेटताना तीनशे वॅटच्या आसपास आणि नंतर पन्नासेक. त्याला ७५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पण तिथे हर्ट्झ आडवे येतात. ६० हर्ट्झची एसी मोटर आपल्या ५० वर साधारण सहावा हिस्सा हळू फिरते, पेलेट कमी जातात, तापमान सेट केल्यापेक्षा खाली राहतं. आणि अशा मोटरला ५० हर्ट्झवर पूर्ण १२० व्होल्ट दिले तर ती जास्त गरम होते, म्हणून तिथे उलट ११० चाच टॅप बरा. साध्या कॉइलच्या ग्रिलला हर्ट्झशी काही देणंघेणं नाही, ५० असो की ६०. पेलेट मात्र इथे आणायचे कुठून याचा विचार आधी करा.

आता बहिणीचा तंदूर. इथे गणित उलटं. आपल्या २००० वॅटच्या, २३० व्होल्टच्या तंदूरची कॉइल साडेसव्वीस ओहमच्या जवळपास. तिकडच्या १२० वर ती देते फक्त ५४५ वॅट, चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. जळणार काही नाही, धोकाही नाही, पण पदार्थ होत नाही. भरताचं वांगं लावलंत तर साल करपायला हवी, आतला गर धुरकट व्हायला हवा, ते होतच नाही, वांगं नुसतं वाफेवर मऊ पडतं. पनीर पाणी सोडून बसतं. नानला खालून डाग पडत नाहीत. आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात गावाकडे संध्याकाळी लाइन १८० व्होल्टवर आली की २००० वॅटचा तंदूर सव्वाबाराशे वॅटवर येतो आणि लोक म्हणतात तंदूर खराब झाला, प्रकार तोच, तिकडे त्याहून कितीतरी वाईट.

मग स्टेप अप ट्रान्सफॉर्मर लावला तर? तर अडचण भिंतीत आहे. २००० वॅट १२० व्होल्टच्या सॉकेटमधून ओढायचे म्हणजे पावणेसतरा अँपिअर, वर ट्रान्सफॉर्मरचा लॉस. तिकडचं साधं सॉकेट १५ अँपिअरचं, आणि सलग चालणाऱ्या लोडला ८० टक्केच, म्हणजे १२ अँपिअरच धरायचे असा तिकडचा नियम. किचनमध्ये २० ची लाइन असते, तिथेही सलग १६ च. म्हणून तर तिकडची झाडून सगळी ग्रिल्स, टोस्टर ओव्हन, हीटर १५०० ते १८०० वॅटच्या आतच असतात. साध्या सॉकेटमधून २००० वॅट मिळतच नाहीत, कितीही मोठा ट्रान्सफॉर्मर आणला तरी. सातशे-साडेसातशे वॅटचा सँडविच ग्रिलर असेल तर तो दीड केव्हीएच्या स्टेप अपवर चालेल, पण त्याच्यासाठी एवढं लोढणं कोण सांभाळणार, आणि विमानात एका बॅगेला २३ किलो मिळतात त्यातले निम्मे तिथेच गेले.

कोणीतरी नक्की सांगेल की अमेरिकेत ड्रायरला २४० असतं, त्यावर लाव. असतं, खरं आहे. तिकडे घरात १२० च्या दोन उलट्या लाइन येतात आणि त्या दोघींच्या मध्ये २४० मिळतं. आपला तंदूर त्यावर तापेलही चांगला, २२०० वॅटच्या आसपास. पण त्या २४० च्या दोन्ही तारा लाइव्ह असतात, त्यातली एकही न्यूट्रल नसते, आणि आपल्या तंदूरचा स्विच एकच तार तोडतो. म्हणजे बंद केलेल्या तंदूरच्या कॉइलवर १२० व्होल्ट उभेच. त्यात ते ३० अँपिअरचं सर्किट, आपली वायर त्याच्या मानाने बारीक, काही बिघडलं तर ब्रेकर पडायच्या आधी वायर जळेल. तिकडे भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, लाकडी बांधकामात हे अजिबात करू नये. अशा न प्रमाणित उपकरणाने आग लागली तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील याचाही विचार करा.

आणि बाल्कनीत वापरायचं असेल तर तिकडच्या बाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय असतं, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच, ते ५ मिलिअँपिअरच्या आसपास लीकेजला पडतं. त्याच कामाचा आपला आरसीसीबी ३० ला पडतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा उघड्या कॉइलचा तंदूर तिकडे मिनिटभरसुद्धा टिकेल असं नाही. बहिणीला सांगा, तिकडे बाल्कनीत कोळसा आणि गॅस बऱ्याच अपार्टमेंटमध्ये चालत नाही, त्यामुळे १२० व्होल्टची इलेक्ट्रिक ग्रिल्स तिकडे भरपूर मिळतात. आधी लीज वाचायची, कारण काही ठिकाणी इलेक्ट्रिकलाही मनाई असते, आणि मग १५०० च्या पुढचंच बघायचं, झाकण असलेलं. झाकणाने बराच फरक पडतो, कमी वॅटमध्येही वांग्याची साल करपते.

दुबई, अबुधाबीकडे जाणाऱ्यांना मात्र काही काळजी नाही. तिकडे आपल्यासारखंच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, फक्त प्लग इंग्लंडसारखा तीन चौकोनी पिनांचा, आत १३ अँपिअरचा फ्यूज. इथला तंदूर नेऊन प्लग बदलून घ्या, झालं. इंग्लंड, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथेही व्होल्टेजची अडचण नाही, फक्त प्लग बदलायचा, तोही ॲडॅप्टर टोचून नाही तर कापून नीट नवीन बसवून, कारण बरेचसे ट्रॅव्हल ॲडॅप्टर ६ नाहीतर १० अँपिअरचे असतात आणि २००० वॅटला पावणेनऊ लागतात. जपान वेगळंच, तिकडे १०० व्होल्ट, टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. तुमचं अमेरिकेतलं ग्रिल तिकडे लावलं तर १५०० चे हजार-साडेदहाशे वॅट मिळतील.

शेवटचं म्हणजे, कुठल्याही देशातून कुठेही, जहाजाने आलेलं ग्रिल पहिल्यांदा लावलं आणि आरसीसीबी लगेच पडला तर एलिमेंट गेलं असं समजून फेकू नका. ती मघाची पांढरी पावडर हवेतली ओल शोषते. दीडदोन महिने कंटेनरमध्ये आणि मग आपला पावसाळा, कोकणात तर विचारूच नका. तारा सोडवून एलिमेंट काढून ते साध्या ओव्हनमध्ये १२० डिग्रीवर दोनतीन तास वाळवतात, मग मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, ५०० व्होल्टवर बघतात, एक मेगओहमच्या वर आलं तर ठीक, लावता येतं. खाली राहिलं तर एलिमेंट बदलायचं. आरसीसीबी बायपास करून "एकदा गरम होऊ दे, मग नीट होईल" असं कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही. आणि निघायला अजून वेळ असेल तर तुमचं ग्रिल तिकडेच मूव्हिंग सेलमध्ये देऊन टाका, त्या वजनात तुमची कास्ट आयर्नची कढई आणा, तिला व्होल्टेज लागत नाही.